ओ

व्होल्टुर्नो नदीच्या काठचा तंबू. जानेवारी.
कॉर्पोरल आन्सेल्म रुडक्विस्ट
पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दोन थेंब ठेवतो,
काडीनं ढवळतो, फरशी डोलवतो,
कंदिलाखाली धरतो.
डावा थेंब तसाच राहतो.
उजवा फाटतो.

फाटतो म्हणजे दूध फाटतं तसा.
हे त्याला सैन्यानं शिकवलं नाही.
मिनेसोटात बाप चीज करायचा,
आणि पोरं कढईच्या काठाशी उभी राहून
चोथा पाण्यापासून कधी सुटतो ते बघायची,
श्वास रोखून.

उजवा फाटला, म्हणजे बी.
पोराच्या गळ्यात मात्र ए.

डेल्बर्ट हॅनराटी, वय एकोणीस,
मांडी आवळून बांधलेली, ओठ मेणाचे,
छातीवर साखळीत दोन पत्रे:
एक देहाबरोबर जायचा, एक कागदांबरोबर.
दोन्हींवर तीच चूक,
सारखीच ठसठशीत.

अक्षर म्हणजे जे झरत नाही ते.
पत्र्यात ठोकलेलं तर मुळीच नाही,
घामानं नाही, चिखलानं नाही.

मग त्याला दिसतं
की या अक्षराचा डावा पाय आखूड आहे.
हे यंत्र ओळखीचं आहे.

टेक्ससमधली छावणी, बेचाळीसचा ऑगस्ट.
जेवणाआधी आठशे दंड.
पेटीतला बर्फ केव्हाच संपलेला,
सीरम कोमट, थेंब ऊन लागून सुकणारे,
आणि एका क्षणी यानं, याच हातांनी,
थेंब फाटायची वाट न बघता
यादीत लिहायला घेतलं:
ओ, ए, ए, ओ, ए.
बहुतेक जण यांतलेच असतात, असं म्हणत.
ते खोटंही नव्हतं.
किती जण? तीस? साठ?
की पाणी प्यायला जाऊन येईपर्यंतचे तेवढेच?

कदाचित हा त्यांतला नसेलही.
कदाचित ठसे मारणाऱ्याची ओळ चुकली असेल,
पोटात भूक असेल, यादीवर माशी बसली असेल.
कुठल्याही पत्र्यावर
ठोकणाऱ्याचं नाव नसतं.

"पत्रा काय म्हणतो?" कॅप्टन पोमेरांत्झ, हात न थांबवता.
"ए."
"तू?"
"बी."
"मग ओ लाव. पत्र्यांवरचा विश्वास मी सिसिलीत सोडला."

त्याच्या स्वतःच्या पत्र्यावर, कोपऱ्यात,
धर्माचं अक्षर अगदी बिनचूक आहे.
ते तपासायला फरशी लागत नाही.
पकडणाऱ्याला वाचता आलं की झालं.
म्हणून तो पत्रा बुटात ठेवतो.

ओ.
मराठीत हाक मारली की ओ देतात.
रुडक्विस्टला हे ठाऊक असायचं कारण नाही.
त्याला एवढंच ठाऊक,
की नेपल्सहून आलेल्या या बाटलीतलं रक्त
कुणाच्याही अंगात गेलं तरी बहुधा भांडत नाही,
ते कुणा ट्रक ड्रायव्हरचं असो, कुणा आचाऱ्याचं असो,
नाव न विचारता आत जातं.
थेंब. थेंब. थेंब.
तो मोजत नाही, पण ओठ हलतात.

पहाटे हॅनराटीच्या ओठांना जरा रंग येतो.
नऊ वाजता रुग्णवाहिका, मागचं इस्पितळ,
तिथे नवा डॉक्टर, जुनाच पत्रा.
रुडक्विस्ट खिळा घेऊन ते अक्षर खरवडून बघतो.
नुसता चरा उठतो. ए तसाच,
आखूड पायावर उभा.

तेव्हा तो नर्स ट्रुसडेलकडे लिपस्टिक मागतो.
ती काही विचारत नाही, टोपण काढून देते.
आणि पोराच्या कपाळावर,
भुवईपासून केसांपर्यंत,
तो एक मोठा, वाकडा, चुकीला जागा न उरणारा
बी काढतो.

कपाळीचं पुसत नाही म्हणतात.
हे पुसेल. पहिल्या अंघोळीत जाईल.
तोवर, देवा, याचं तोंड
कुणी धुऊ नये.